खेळण्याचा हक्क

व्यावसायिक गोल्फपटू होण्यासाठी कोणतीही परीक्षा द्यावी लागत नाही, हे ऐकून अनेकांना नवल वाटते. क्लबमध्ये शिकवणाऱ्या व्यावसायिकांचा अभ्यासक्रम आणि परीक्षा असतात. ब्रिटनमध्ये १९०१ साली आणि अमेरिकेत १९१६ साली स्थापन झालेल्या पीजीए (प्रोफेशनल गोल्फर्स असोसिएशन) या मुळात अशा व्यावसायिकांच्या संघटना होत. केवळ स्पर्धा खेळून उपजीविका करणारे अमेरिकी खेळाडू १९६८ मध्ये आपल्या संघटनेतून बाहेर पडले आणि त्यातून आजची पीजीए टूर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धांची मालिका, उभी राहिली. मी निवडलेला मार्ग हा दुसरा, स्पर्धांचा. या मार्गावर व्यावसायिक होणे म्हणजे हौशी दर्जा सोडणे एवढेच असते. आर अँड ए आणि यूएसजीए या नियामक संस्थांनी जानेवारी २०२२ पासून हौशी दर्जाचे नियम बरेच सुटसुटीत केले. त्यानुसार हौशी खेळाडूला प्रायोजक घेता येतो. परंतु ७०० पौंड किंवा १,००० डॉलर या मर्यादेपलीकडचे बक्षीस स्वीकारले, पैसे घेऊन शिकवले किंवा व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरले, तर तो दर्जा संपतो.

म्हणजे दार उघडेच असते. आत गेल्यावर मात्र कळते की या व्यवसायात चांगले खेळणे ही एक गोष्ट आहे आणि खेळण्याचा हक्क मिळवणे ही अगदी वेगळी गोष्ट आहे. पहिली गोष्ट येत असूनही दुसरी न मिळालेले कितीतरी खेळाडू माझ्या ओळखीचे आहेत. हा हक्क एकदा मिळाला म्हणून कायमचा राहत नाही, तो दरवर्षी नव्याने कमवावा लागतो. मी तो कसा कमावला आणि टिकवण्यासाठी काय करावे लागले, ते पुढे सांगतो.

हौशी असताना माझा हँडिकॅप, म्हणजे मैदानाच्या अपेक्षित फटक्यांपेक्षा साधारण किती जास्त लागतात ते सांगणारा आकडा, शून्याच्याही पलीकडे, ज्याला आम्ही प्लस म्हणतो तिथे पोहोचला होता आणि आता व्यावसायिक व्हायला हरकत नाही असे आजूबाजूचे सगळेच म्हणू लागले होते. माझे प्रशिक्षक मात्र त्या आकड्यावर विश्वास ठेवायला तयार नव्हते. २०२० पासून लागू झालेल्या जागतिक हँडिकॅप पद्धतीत शेवटच्या २० फेऱ्यांपैकी सर्वोत्तम ८ फेऱ्या धरून हँडिकॅप काढला जातो. "हा आकडा तू किती चांगला खेळू शकतोस ते सांगतो, उरलेल्या १२ फेऱ्यांत तू काय करतोस ते मला दाखव," असे सर म्हणाले. त्यांनी माझ्याकडून एक तक्ता करून घेतला. ओळखीच्या मैदानांबाहेर, अगदी मागच्या टीवरून (पहिला फटका मारायच्या जागेवरून), स्पर्धेत खेळलेल्या फेऱ्याच तेवढ्या त्यात धरायच्या आणि त्यांतील सर्वांत खराब चतुर्थांश फेऱ्यांची सरासरी काढायची. ती सरासरी पारच्या, म्हणजे अपेक्षित फटक्यांच्या, जवळ येईपर्यंत त्यांनी मला थांबवून धरले. आज मागे वळून पाहताना हा सल्ला मला अमूल्य वाटतो, कारण चांगला दिवस असताना चांगला गुण करणारे खेळाडू टूरवर शेकडो असतात. चेंडू मनासारखा जात नसतानाही ७१ फटक्यांत फेरी संपवणारे फार थोडे असतात, आणि टिकतात ते हेच.

त्या थांबण्याच्या काळात माझ्या सरावाचे स्वरूप पुरते बदलले. कोलंबिया विद्यापीठातील प्राध्यापक मार्क ब्रॉडी यांनी 'स्ट्रोक्स गेन्ड' ही मोजणीची पद्धत मांडली आणि पीजीए टूरने २०११ पासून ती आधी पटिंगसाठी, म्हणजे ग्रीन या होलभोवतीच्या गुळगुळीत हिरवळीवरून चेंडू होलमध्ये ढकलण्याच्या फटक्यांसाठी, स्वीकारली. प्रत्येक फटक्यापूर्वी आणि फटक्यानंतर त्या जागेवरून चेंडू होलमध्ये जायला सरासरी किती फटके लागतात ते पाहायचे आणि त्या फरकावरून फटक्याची किंमत ठरवायची, असे तिचे साधे तत्त्व आहे. तिच्यातून निघालेले काही निष्कर्ष माझ्यासाठी डोळे उघडणारे होते. जगातील सर्वोत्तम खेळाडूसुद्धा आठ फुटांवरून साधारण निम्मेच पट टाकतात आणि तेहतीस फुटांवरून त्यांना सरासरी दोन पट लागतात. अव्वल खेळाडू इतरांवर जी आघाडी मिळवतात, तिचा सुमारे ४० टक्के भाग ग्रीनकडे मारलेल्या अप्रोच फटक्यांतून येतो. आठ फुटांवरून चुकलेल्या पटचे दुःख मी त्यापूर्वी तासन्‌तास उगाळत असे. ते थांबले आणि माझ्या सरावाचा मोठा वाटा मधल्या आणि लांब आयर्नकडे, म्हणजे अप्रोचसाठीच्या काठ्यांकडे, गेला.

त्याहून महत्त्वाची गोष्ट म्हणजे स्वतःच्या फटक्यांचा पसारा ओळखणे. एकाच क्लबने, म्हणजे काठीने, एकाच लक्ष्याकडे भरपूर चेंडू मारले, की ते किती रुंदीत आणि किती लांबीत विखुरतात ते दिसते. माझे आयर्नचे फटके डावीपेक्षा उजवीकडे जास्त सांडतात आणि लांब जाण्यापेक्षा आखूड जास्त पडतात. ग्रीनच्या उजव्या कडेपासून चार पावलांवर झेंडा असेल आणि पलीकडे पाणी असेल, तर माझे लक्ष्य झेंडा नसून ग्रीनचा मधला किंवा त्याहूनही डावा भाग असतो. हे एकदा पटले की स्पर्धेतला अर्धा गोंधळ कमी होतो. फटका ऐन वेळी आपल्या हातात नसतो, पण तो सुरू करायची जागा आणि क्लब मात्र पूर्णपणे आपल्या हातात असतात.

मोठ्या टूरवर जायच्या वाटा मोजक्याच आहेत. दुय्यम टूरवर वर्षभर खेळून गुणतालिकेत वर येणे, निमंत्रणावर मिळालेल्या थोड्या स्पर्धांत मोठी कामगिरी करणे, किंवा क्यू स्कूल. नाव स्कूल असले तरी तिथे शिकवले काहीच जात नाही. ती निव्वळ पात्रता स्पर्धा असते. अमेरिकेत ती १९६५ मध्ये सुरू झाली, युरोपच्या टूरवर १९७६ मध्ये. मी युरोपची, म्हणजे आजच्या डीपी वर्ल्ड टूरची, क्यू स्कूल निवडली. प्रवेश शुल्क स्वतः भरायचे, प्रवास स्वतः करायचा आणि तीन टप्पे पार करायचे. पहिले दोन टप्पे प्रत्येकी चार फेऱ्यांचे असतात, तर अंतिम टप्पा सहा फेऱ्यांचा, म्हणजे १०८ होलचा. व्यावसायिक गोल्फमध्ये नेहमीची स्पर्धा ७२ होलची असते, त्यामुळे हे जास्तीचे दोन दिवस अंगावर येतात.

पहिल्या टप्प्याबद्दल फारसे सांगण्यासारखे नाही. तिथे अनेक हौशी खेळाडूही असतात, कारण दर्जा न सोडता क्यू स्कूलमध्ये उतरता येते, आणि नीट तयारी केलेल्या खेळाडूने तिथे संयमाने खेळणे पुरेसे ठरते. दुसऱ्या टप्प्यात हवा बदलते. आदल्या हंगामात कार्ड, म्हणजे टूरवर खेळण्याचा हक्क, गमावलेले खेळाडू तिथे येऊन मिळतात, ज्यांना आपण कधीतरी दूरचित्रवाणीवर पाहिलेले असते. त्यांच्याबरोबर खेळताना मला सर्वांत जास्त जाणवली ती त्यांची शांत गती. वाईट फटक्यानंतरही त्यांची चाल बदलत नाही, क्लब बॅगेत जातो तोही त्याच लयीत. प्रेक्षक जवळपास नसतातच. कोणाचे वडील, कोणाची पत्नी दोरीपलीकडून चालत असतात, आणि टाळ्यांचा आधार नसल्यामुळे प्रत्येक फटका फार एकाकी वाटतो.

अंतिम टप्पा स्पेनमध्ये टॅरागोनाजवळ नोव्हेंबरमध्ये झाला. दिवस लहान झालेले असतात, सकाळच्या थंडीत चेंडू कमी लांब जातो आणि दवामुळे ग्रीनचा वेग पहिल्या तासात वेगळा, दुपारी वेगळा असतो. त्यामुळे आदल्या दिवशी दुपारी खेळताना वहीत नोंदवलेली अंतरे दुसऱ्या दिवशी सकाळी जशीच्या तशी वापरता येत नाहीत. पहिल्या चार फेऱ्या दोन मैदानांवर आलटून पालटून होतात आणि मग कट लागतो, म्हणजे ठरावीक गुणापेक्षा मागे असलेले बाहेर पडतात. कट पार करूनही जे शेवटी मागे पडतात त्यांना दुय्यम टूरवर काही प्रमाणात खेळायला मिळते, म्हणून चौथ्या दिवशीचा ताण निराळा आणि सहाव्या दिवशीचा निराळा असतो. चौथ्या दिवशी पुढच्या वर्षी कुठेतरी खेळायला मिळावे एवढीच इच्छा असते. सहाव्या दिवशी ते पुरेसे वाटत नाही.

क्यू स्कूलच्या कथा सगळ्या खेळाडूंना पाठ असतात आणि त्या रात्री झोपू देत नाहीत. २००० साली अमेरिकेतील अंतिम टप्प्यात जो डेली या खेळाडूचा छोटासा पट होलमध्ये पडून आतल्या कपाच्या काठावर आपटून बाहेर आला आणि शेवटी त्याचे कार्ड एका फटक्याने हुकले. अशा घटनांवर उपाय नसतो. उपाय असतो तो एका फटक्याच्या फरकावर आपले वर्ष न टांगण्याचा, आणि तो मात्र क्यू स्कूलमध्ये जवळजवळ अशक्य असतो, कारण सहा दिवस खेळूनही रेषेच्या आसपास एकेका गुणावर खेळाडूंची गर्दी झालेली असते.

माझ्या कॅडीने (बॅग वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या साथीदाराने) आणि मी सहाव्या दिवशी एक गोष्ट आधीच ठरवली होती. गुणफलक तो पाहील, मी पाहणार नाही, आणि शेवटच्या तीन होलपर्यंत तो मला काही सांगणार नाही. सोळाव्या टीवर त्याने मला एवढेच सांगितले की आता आक्रमक होण्याची गरज नाही. त्या होलवर पाणी उजवीकडे होते आणि झेंडाही उजवीकडे. आम्ही ग्रीनच्या डाव्या भागाचे अंतर घेतले, वाऱ्यासाठी एक क्लब वाढवला आणि मी दोन पटांत पार केला. असा पार प्रेक्षकांना कंटाळवाणा वाटेल, पण माझ्या आजवरच्या खेळात मला सर्वांत अभिमानास्पद वाटणारा पार तोच आहे. शेवटच्या होलवर पारसाठी सुमारे पाच फुटांचा पट उरला. दोन्ही बाजूंनी उतार पाहिला, नेहमीइतक्याच वेळा क्लब हलवला आणि चेंडू गेला.

त्यानंतर गुणपत्रिका. गोल्फमध्ये आपले फटके आपला सहखेळाडू लिहितो, आपण ते होलनिहाय तपासून सही करतो, आणि एखाद्या होलवर खऱ्यापेक्षा कमी आकडा लिहून सही झाली तर स्पर्धेतून बाद व्हावे लागते; जास्त आकडा लिहिला गेला तर तोच कायम राहतो. १९६८ मध्ये मास्टर्स या अमेरिकेतील मोठ्या स्पर्धेत रॉबर्टो दे व्हिसेंझो यांच्या पत्रिकेवर सतराव्या होलला तीनऐवजी चार लिहिले गेले, त्यांनी तशीच सही केली आणि प्लेऑफची, म्हणजे बरोबरी सोडवण्यासाठी जादा होल खेळण्याची, संधी गेली. बॉब गोल्बी विजेते ठरले. दमलेल्या डोक्याने, थरथरत्या हाताने अठरा आकडे वाचणे हाही या व्यवसायातील कौशल्याचा भाग आहे आणि मी ते बोटाने एकेक होल दाखवत, मोठ्याने वाचून करतो.

माझे कार्ड शेवटच्या जागेवरच्या बरोबरीतून आले. डीपी वर्ल्ड टूरच्या नियमानुसार पहिले वीस आणि त्या गुणावर बरोबरीत असलेले सगळे पात्र ठरतात, त्यामुळे मागचे गट येईपर्यंत आम्ही काही जण क्लबहाऊसच्या बाहेर उभे होतो. पीजीए टूरच्या क्यू स्कूलमध्ये २०२५ पासून फक्त पहिल्या पाच जणांनाच कार्ड मिळते आणि पाचव्या जागेवर बरोबरी झाली तर प्लेऑफ खेळवतात. दोन नियमांमधला हा फरक वाचायला किरकोळ वाटतो, पण त्यावर माणसाची कारकीर्द वळते. बरोबरीतल्यांना सामावून घेणारा नियमच मला न्याय्य वाटतो. १०८ होल समान फटक्यांत खेळलेल्या दोघांतून एका होलवर एकाला परत पाठवणे मला पटत नाही.

कार्ड मिळाले म्हणजे प्रत्येक आठवड्याला खेळायला मिळाले, असा बाहेरच्यांचा समज असतो. प्रत्यक्षात कार्ड म्हणजे एका लांब यादीतील जागा. आधी मागील विजेते, मग गेल्या हंगामाच्या गुणतालिकेत वर असलेले, मग दुय्यम टूरवरून बढती मिळालेले, आणि त्यांच्याबरोबर किंवा त्यांच्यानंतर क्यू स्कूलचे, तेही ज्या क्रमाने पात्र ठरले त्या क्रमाने. मोठ्या बक्षिसाच्या स्पर्धेत वरचे सगळे येतात आणि आमच्यापर्यंत जागाच पोहोचत नाही. लांबच्या, कमी बक्षिसाच्या स्पर्धांत ते विश्रांती घेतात तेव्हा आम्हाला बोलावणे येते. हंगामात ठरावीक टप्प्यांवर आमच्या गटाचा क्रम मिळालेल्या गुणांवरून नव्याने लावला जातो. त्यामुळे सुरुवातीच्या थोड्या स्पर्धांत चांगले खेळले नाही तर पुढे खेळायला मिळण्याची शक्यताच कमी होते. नव्या खेळाडूवरचा खरा दबाव हा आहे.

राखीव खेळाडू म्हणून थांबण्याचा अनुभव फार थोड्यांनी लिहिला आहे. पहिला राखीव गुरुवारी सकाळी पहिल्या गटाच्या आधीच तयार होऊन येतो. कोणी आजारी पडले, कोणाची पाठ धरली, तर काही मिनिटांत टीवर उभे राहावे लागते. अंग गरम ठेवायचे, पण दमायचे नाही. खायचे, पण जड नाही. मनाने स्पर्धेत असायचे आणि स्पर्धा न मिळाल्यास संध्याकाळी पुढच्या प्रवासाला निघायचे. हे मी केले आहे, संपूर्ण दिवस केले आहे, आणि स्पर्धा खेळण्यापेक्षा ते अधिक थकवणारे असते हे खात्रीने सांगतो.

पैशांचे गणितही इथेच समजते. बक्षिसाची रक्कम कट पार करणाऱ्यांत वाटली जाते. पीजीए टूरच्या नेहमीच्या वाटपात विजेत्याला एकूण रकमेच्या १८ टक्के मिळतात आणि खालच्या क्रमांकांना टक्क्याचा छोटासा अंश. कॅडीला आठवड्याचे ठरलेले मानधन द्यावे लागते आणि शिवाय बक्षिसात वाटा. विजयाला १० टक्के हा रूढ संकेत आहे. कट हुकला तरी विमान, मुक्काम आणि कॅडी यांचा खर्च झालेलाच असतो. म्हणून मी प्रायोजकांशी बोलताना कधीही विजयाचे आश्वासन दिले नाही. एका हंगामाचा पूर्ण खर्च मांडून दाखवला आणि किती कट पार केल्यावर तो भरून निघतो ते सांगितले. ज्यांनी हे आकडे समजून घेऊन मदत केली, ते पडत्या काळातही सोबत राहिले.

पहिल्या हंगामात मी पुष्कळ कट एका फटक्याने हुकवले. गुरुवारी सकाळी आणि शुक्रवारी दुपारी खेळणाऱ्यांना कधी वाऱ्याचा फटका बसतो, कधी तो दुसऱ्या निम्म्यांना बसतो, आणि वर्षभरात हे साधारण समान होते असे म्हणतात. मोजक्याच स्पर्धा मिळणाऱ्याला मात्र ते समान व्हायला पुरेशा स्पर्धाच मिळत नाहीत. त्या काळात मला मॅक्स होमा या अमेरिकी खेळाडूच्या २०१७ च्या हंगामाचा आधार वाटे. पीजीए टूरवर १७ स्पर्धांत त्याने फक्त दोन कट पार केले होते, त्याचे कार्ड गेले, आणि दोनच वर्षांनी २०१९ मध्ये त्याने त्याच टूरवर विजय मिळवला. अर्जुन अटवाल यांचे उदाहरण तर आम्हा भारतीय खेळाडूंच्या मनात कायम असते. २०१० मध्ये त्यांनी कार्ड गमावले होते. सोमवारच्या पात्रता फेरीतून, अवघ्या काही जागांसाठी खेळल्या जाणाऱ्या १८ होलमधून, ते विंडहॅम चॅम्पियनशिपमध्ये शिरले, पहिल्याच दिवशी ६१ खेळले आणि पीजीए टूरवर जिंकणारे पहिले भारतीय ठरले. सोमवारी पात्र ठरून रविवारी जिंकणे त्याआधी चोवीस वर्षांत कोणाला जमले नव्हते.

माझ्या वाट्याला असा रविवार आला नाही, पण हंगामाच्या उत्तरार्धात एक चांगला आठवडा आला. पहिल्या दहांत आल्यामुळे पुढच्या आठवड्याच्या स्पर्धेत थेट जागा मिळाली, नव्या क्रमवारीत मी वर सरकलो आणि त्यानंतरच्या स्पर्धा राखीव न राहता खेळलो. त्या आठवड्यात मी काही वेगळे केले नव्हते. लक्ष्ये तीच होती, पसारा तोच होता. फक्त आठ फुटांवरचे पट निम्म्यांपेक्षा थोडे अधिक गेले.

तरीही हंगाम संपला तेव्हा मी गुणतालिकेत कार्ड राखणाऱ्या रेषेच्या खालीच होतो. अमेरिकेत ही रेषा आणखी आखडली आहे. पीजीए टूरवर २०२५ च्या हंगामाअखेर पूर्ण कार्ड राखणाऱ्यांची संख्या १२५ वरून १०० वर आणली गेली. मी पुन्हा क्यू स्कूलला गेलो, या वेळी थेट अंतिम टप्प्याला, आणि पुन्हा पात्र ठरलो. या खेपेस क्रम बराच वरचा आहे आणि त्याचा अर्थ मला आता नेमका माहीत आहे. हंगामाच्या पहिल्या स्पर्धेच्या यादीत माझे नाव खेळाडूंमध्ये आहे, दुसऱ्या स्पर्धेच्या यादीत मी चौथा राखीव आहे, आणि नावे मागे घेण्याची मुदत संपेपर्यंत त्यांतील दोन-तीन जण तरी कमी होतील असा कॅडीचा अंदाज आहे. परतीचे तिकीट आम्ही दोघांनीही अजून काढलेले नाही.